कॅन्सरमुळे पूर्ण जठर काढलंय. वडिलांची तब्येत लवकर भरून येण्यासाठी घरी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं वजन 60 किलो आहे, ऑपरेशनला तीन आठवडे झालेत, मऊ आहार सुरू झालाय, पण 'भूकच नाही' म्हणून ते जेवण टाळतात. अशा रुग्णांच्या आहाराचं काम मी करते, म्हणून आधी तेच सांगते: भुकेची वाट बघू नका. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होतं. जठरच गेल्यावर भूक पूर्वीसारखी कशी लागणार? सध्या खायचं ते घड्याळाकडे बघून: दर दोन-अडीच तासांनी, दिवसातून सहा ते आठ वेळा, एका वेळी साधारण अर्धी वाटी. घास छोटा, अगदी लगदा होईपर्यंत चावलेला, आणि खाण्याला वीस-तीस मिनिटं. पोट गच्च वाटलं की तिथेच थांबायचं. 'एवढं तरी संपवा' हा आग्रह इथे उलटीवर संपतो.

पाणी जेवणाबरोबर नको. अर्धा तास आधी किंवा अर्धा तासानंतर, घोट घोट. पण दिवसभराचं पाणी कमी पडू देऊ नका, कारण घरी आल्यावर अशक्तपणा वाढण्यामागे बरेचदा तेच असतं.

प्रथिनं रोज किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे वडिलांना 72 ते 90 ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम सहा ग्रॅम असतात, यावरून अंदाज घ्या. दिवसभर पातळ सूप पाजत राहिलं तर जागा भरते, हाती काही लागत नाही. प्रत्येक खाण्यात अंडं, मासे, चिकन, पनीर, दही किंवा मऊ डाळ यांपैकी काहीतरी हवंच, आणि पहिला घास त्याचा. दुधाने जुलाब होत असतील तर दही चालतं का ते बघा.

आता डंपिंग, म्हणजे अन्न आतड्यात झपकन उतरल्याने होणारा त्रास. जठर अन्न साठवून थोडं थोडं पुढे सोडायचं. आता ते थेट लहान आतड्यात उतरतं. गोड पदार्थ उतरला की आतडं पाणी ओढून घेतं. खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब. अशा वेळी अर्धा तास पाठ उंच ठेवून आडवं होऊ द्या. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: साखर झपकन चढते, इन्सुलिन जास्त सुटतं आणि साखर खाली जाते. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा थोडी साखर द्या आणि लगेच पाठोपाठ प्रथिनं असलेलं काहीतरी. ताकद यावी म्हणून रिकाम्या पोटी दिलेलं ग्लुकोजचं पाणी आणि फळांचा रस ही याची नेहमीची कारणं. प्रेमापोटीच देतात सगळे, पण बंद करा.

रात्री कडू, पिवळं-हिरवं पाणी घशाशी येत असेल तर शेवटचं खाणं झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरकायचं आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायची. अॅसिडिटीच्या गोळीने यात फरक पडत नाही. आम्ल बनवणारं जठरच नाही. वर येतंय ते यकृतातलं पित्त, त्याची औषधं वेगळी, सर्जनना विचारा.

बी-12 जीवनसत्त्व आयुष्यभर लागेल, बहुधा इंजेक्शनने. यकृतातला साठा बराच काळ पुरतो, त्यामुळे सुरुवातीचा रिपोर्ट चांगला दिसतो आणि लोक ढिले पडतात. मग रक्त कमी होतं, पायांना मुंग्या येतात. कॅल्शियम घ्यायला सांगितलं तर सायट्रेट प्रकारचं चालेल का विचारा, कार्बोनेट शोषायला आम्ल लागतं. लोह आणि ड जीवनसत्त्वही तपासत राहायचं.

चालणं दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. जड उचलणं सहा आठवडे नको. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटावर घ्यायचं इंजेक्शन ऑपरेशननंतर चार आठवड्यांपर्यंत दिलं जातं. डिस्चार्जच्या कागदांत असेल तर मधेच सोडू नका.

पातळ आहार (फीड) देण्यासाठी पोटातून आतड्यात नळी घातली असेल तर प्रत्येक फीडच्या आणि औषधाच्या आधी व नंतर 30 मिली कोमट पाणी. नीट न विरघळलेल्या गोळ्यांच्या चुऱ्याने ती बरेचदा तुंबते. तुंबली तर तार घालू नका. निसटली तर लगेच दवाखान्यात निघा, पोटावरचं छिद्र काही तासांत आकसतं.

ताप 38 सेल्सिअसच्या वर, शांत बसूनही नाडी शंभरच्या पुढे, वाढती पोटदुखी, धाप, एकाच पायाला सूज, काळी शी किंवा पाणीही न टिकणं: यातलं काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट न बघता दवाखाना गाठा. आधी जाणारं अन्न काही आठवड्यांनी अडकायला लागलं तर अन्ननलिका आणि आतडं यांच्या जोडाची जागा आवळली असू शकते. दुर्बिणीतून फुगा घालून ती रुंद करता येते.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, आणि वहीत नोंद. पहिल्या सहा महिन्यांत दहा-पंधरा टक्के उतरणं नेहमीचं आहे. केमो ठरली असेल तर ही वही पहिल्याच भेटीत दाखवा: वजन फार उतरलेल्या रुग्णाचे डोस कमी करावे लागतात किंवा पुढे ढकलावे लागतात, आणि जादा फीड सुरू करायचं तर ते त्याआधीच केलेलं बरं.