डिजिटल गेम-दुकानांचा अन्याय फक्त ३० टक्क्यांचा आहे का?

स्टीमसारखी दुकाने प्रत्येक विक्रीतून ३० टक्के वाटा कापून घेतात, हाच गेम बनवणाऱ्यांवरचा आणि पर्यायाने ग्राहकांवरचा मुख्य अन्याय आहे का, असे आपण विचारले आहे. वाटा मोठा आहे हे मला मान्य आहे, पण माझ्या दृष्टीने मूळ दुखणे वेगळे आहे. माल विकणारा, विक्रीचे नियम ठरवणारा आणि तंटा झाल्यास निवाडा करणारा असे तिघेही या धंद्यात एकच असतात.

आधी ग्राहकाची बाजू पाहू. बटणावर ‘विकत घ्या’ असे लिहिलेले असले, तरी करारानुसार आपल्याला मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना, आणि तो परतही घेतला जाऊ शकतो. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले. एकट्याने खेळण्याचा भागही सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालत नसल्यामुळे पैसे मोजून घेतलेला हा गेम निरुपयोगी झाला, आणि पाठोपाठ अनेकांच्या खात्यातून त्याचा परवानाही काढून घेण्यात आला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला की, परवानाच विकत असाल तर तसे खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगा. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि स्टीमने तशी सूचना त्याआधीच दाखवायला सुरुवात केली. सूचना प्रामाणिक आहे, परंतु ती वाचून ग्राहकाच्या पदरात नवा हक्क पडत नाही.

परताव्याची कथाही अशीच आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला न्यायालयात खेचले, आणि २०१६ मध्ये तिला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. दरम्यान २०१५ मध्ये स्टीमने खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करण्याची सोय दिली. ग्राहकाला ती हवीच होती. मात्र ज्याचा गेमच दीड तासात संपतो, अशा छोट्या निर्मात्याचा विचार या नियमात नाही; त्याचा गेम पूर्ण खेळून, वर चांगला अभिप्राय लिहूनही पैसे परत मागता येतात.

आता त्या ३० टक्क्यांकडे वळतो. २०१८ च्या अखेरीस स्टीमने सवलत दिली ती अशी की, एखाद्या गेमची कमाई १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की त्यापुढील विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटींच्या पुढे २० टक्के वाटा कापायचा. म्हणजे पूर्ण ३० टक्के भरत राहतो तो लहानच. (न्याय म्हणून हेही सांगायला हवे की पैसे स्वीकारणे, फाइली साठवणे, अपडेट पोहोचवणे ही कामे फुकट होत नाहीत.) एपिक गेम्स स्टोअर २०१८ मध्येच १२ टक्के वाट्यावर सुरू झाले, तर इच.आयओवर दुकानाला किती वाटा द्यायचा हे निर्माताच ठरवतो.

तरीही जुलै २०२५ मध्ये याच उदार इच.आयओने, पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्या कंपन्यांच्या दबावाखाली, प्रौढांसाठीचे गेम एका रात्रीत शोधयादीतून काढून टाकले. निर्मात्यांना पूर्वसूचना मिळाली नव्हती. त्या गेमबद्दल आपले मत काहीही असो, वाटा कमी असल्यामुळे त्या निर्मात्यांना कोणतेही संरक्षण मिळाले नाही, आणि ज्या कंपन्यांशी त्यांचा थेट करारच नव्हता त्यांच्यापुढे दाद मागण्याची सोयही नव्हती.

म्हणून मला विचाराल तर टक्केवारीच्या आधी दोन गोष्टी मागायला हव्यात. गेम हटवण्यापूर्वी किंवा खाते बंद करण्यापूर्वी लेखी कारण आणि पुरेशी मुदत मिळावी, आणि त्या निर्णयाविरुद्ध दुकानाच्या बाहेरच्या कुणाकडे तरी अपील करता यावे.