तमगा, डाग आणि दागिना

प्रश्न : आमच्या शाळेच्या फलकावर 'परमवीर चक्र विजेते राम राघोबा राणे' असं लिहिलं आहे. 'विजेते' बरोबर आहे का? आणि पदकाला 'तमगा' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : 'विजेते' खोडा, 'मानकरी' लिहा. दर २६ जानेवारीला वृत्तनिवेदकांच्या तोंडून 'चक्र जिंकलं' ऐकून कान किटले आहेत. कॅरमची फायनल जिंकतात, लॉटरी जिंकतात. एप्रिल १९४८मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर राणे जखमी असूनही रणगाड्यांच्या वाटेतले सुरुंग काढत होते. अंतिम फेरीत त्यांच्यासमोर कोण होतं म्हणे? 'रुळलं ते ग्राह्य' असा निवाडा देणारे पंडित आहेतच. २१ परमवीर चक्रांपैकी १४ मरणोत्तर आहेत. तिथे 'मरणोत्तर विजेते' म्हणून दाखवावं त्यांनी, जीभ अडखळते का बघू.

'परमवीर चक्र पदक' हेही नको. चक्र हेच पदक. साडेतीन सेंटिमीटरचा कांस्याचा गोल तुकडा, मधोमध राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं, वर जांभळी फीत. आराखडा सावित्री खानोलकरांचा. जन्माने युरोपीय, लग्नाने खानोलकर. (खेळांत कांस्य तिसऱ्या नंबरचं, रणात पहिल्या मानाचं. असो.) 'पदक' म्हणजे मुळात गळ्यातलं लोंबतं भूषण, त्यात फारसं रहस्य नाही.

खरी मौज 'तमग्या'त आहे. शब्द तुर्की. मध्य आशियातल्या टोळ्या आपल्या घोड्यांवर तापल्या लोखंडाने जी खूण उठवत, ती तमगा. कुणाचा घोडा, हे लांबून कळावं म्हणून. पुढे तीच खूण मोहरेवर गेली, मोहर मालावर उमटली आणि मालावरच्या जकातीलाच 'तमगा' म्हणू लागले. १५२७मध्ये खानव्याच्या लढाईआधी बाबराने दारू सोडली, तेव्हा मुसलमानांना माफ केला तो हाच कर. रशियनमध्ये जकातनाक्याला 'तामोझन्या' म्हणतात, तेही याच घोड्याच्या पाठीवरून आलेलं. आणि पाकिस्तानात सैनिकाच्या छातीवर 'तमगा-ए-जुरत' लागतो. जनावराच्या कातडीवरून माणसाच्या छातीपर्यंतचा प्रवास!

आता माझा लाडका कयास. फारसी 'दाग' म्हणजेही डागणीची खूण. अकबराच्या सैन्यात घोड्यांना दाग देण्याची पद्धतच होती. मराठीत त्याचा 'डाग' झाला आणि पाहा काय काय झालं : कपड्यावरचा डाग, गुराला दिलेला डाग, प्रवासातले सामानाचे चार डाग आणि बाईच्या अंगावरचे सोन्याचे डाग. खूण, मग खूण केलेला नग, मग मोलाचा नग. 'दागिना' मला याच घरातला वाटतो. तमगा ज्या वाटेने छातीवर पोचला, त्याच वाटेने डाग आमच्या गळ्यात आला.

यावर एका कोशप्रेमी स्नेह्यांनी मला ऐकवलं की, कलंकाचा डाग वेगळा, दागिन्याचा डाग वेगळा. उच्चार जुळला एवढंच, बाकी योगायोग. ठीक आहे. मग मधले सामानाचे डाग कुठल्या घरचे, तेवढं त्यांनी सांगावं. अजून सांगितलेलं नाही.