सोशल मीडियावर राजकारण आणि श्रद्धांवर वाद होतो तेव्हा पुरावे देऊनही कुणी ऐकत नाही. मग वाद घालावा का, आणि घालायचा तर कसा?

तुमचा प्रश्न असा आहे: ओळखीतली, चांगली शिकलेली माणसं राजकारण आणि श्रद्धांबद्दल चुकीचं काहीबाही शेअर करतात, तुम्ही खाली पुराव्यांच्या लिंका देता, संध्याकाळ त्यात जाते, समोरचा तसूभरही हलत नाही आणि वर संबंध बिघडतात. मग गप्प बसावं की बोलत राहावं?

बोलावं. पण आधी एक ठरवून घ्या: तुम्ही कोणासाठी लिहिताय? जाहीर कमेंट असते ती सगळं वाचणाऱ्या पण स्वतः काही न लिहिणाऱ्या लोकांसाठी. ज्याच्याशी वाद चाललाय त्याचंच मत बदलायचं असेल तर त्याला खाजगीत गाठावं लागतं. एकाच कमेंटीत दोन्ही साधायला गेलं की दोन्ही हातचं जातं. तुमच्या संध्याकाळी इथेच वाया जात असाव्यात.

चारचौघांत चूक कबूल करणं महागात पडतं, कारण आपल्या बाजूचे लोक बघत असतात. शिवाय पुरावा वाचतानाच आपण तो गाळून घेतो. १९७९ साली लॉर्ड, रॉस आणि लेपर या मानसशास्त्रज्ञांनी फाशीच्या बाजूच्या आणि विरोधातल्या विद्यार्थ्यांना दोन-दोन अभ्यास वाचायला दिले. एकात फाशीमुळे गुन्ह्यांना आळा बसतो असं म्हटलं होतं, दुसऱ्यात उलट. दोन्ही गटांना आपल्या बाजूचा अभ्यास भक्कम वाटला आणि दुसरा त्रुटींनी भरलेला. वाचून झाल्यावर आपलं मत आणखी पक्कं झालं, असं दोन्ही गटांनी सांगितलं. म्हणजे समोरच्याने तुमची लिंक उघडली तरी बहुतेकदा ती खोट काढायलाच.

यावरून ‘पुरावा दिला की माणूस उलट जास्तच हट्टाला पेटतो’ असं सर्रास सांगितलं जातं. ते मात्र खरं नाही. नायहन आणि रायफ्लर यांच्या २०१० च्या प्रयोगात काही विषयांवर तसा उलटा परिणाम दिसला होता. पण वुड आणि पोर्टर यांनी दहा हजारांहून जास्त लोकांवर, ५२ वेगवेगळ्या मुद्द्यांवर तेच तपासलं (२०१९), तेव्हा तो जवळजवळ कुठेच सापडला नाही. दुरुस्ती दाखवली की बहुतेक लोक तथ्याबद्दलचं मत सुधारतात. गोम पुढे आहे. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत ट्रम्प समर्थकांना त्यांच्या उमेदवाराची चुकीची विधानं दुरुस्त करून दाखवली, तेव्हा त्यांनी आकडे मान्य केले, पण उमेदवाराबद्दलची पसंती तशीच राहिली. एखादा आकडा दुरुस्त करणं तुमच्या हातात आहे. त्यामुळे कोणी पक्ष किंवा श्रद्धा सोडेल ही अपेक्षा धरूनच वादात उतरलात तर दरवेळी निराशा होणार.

लिहायला बसण्यापूर्वी वाद नेमका कशाचा आहे ते वेगळं काढा. फाशीचंच घ्या. ‘फाशीमुळे खून कमी होतात’ हा वस्तुस्थितीचा दावा आहे, तो तपासता येतो. ‘खुन्याला फाशीच व्हायला हवी’ हा न्याय कशाला म्हणायचं याचा प्रश्न आहे, तो कुठल्याच आकड्याने सुटणार नाही. लोक पहिलं बोलत दुसऱ्यासाठी भांडतात आणि आपण पहिल्याला उत्तर देत बसतो. एक सरळ प्रश्न विचारून हे लगेच कळतं: ‘समजा फाशीमुळे खून कमी होत नाहीत असं सिद्ध झालं, तर तुमचं मत बदलेल का?’ उत्तर ‘नाही’ आलं तर आकडे बाजूला ठेवा आणि न्यायाबद्दल बोला. हाच प्रश्न स्वतःलाही विचारा. याच विषयावर अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने २०१२ मध्ये म्हटलं की फाशीमुळे खून वाढतात, कमी होतात की काहीच फरक पडत नाही, हे उपलब्ध अभ्यासांवरून सांगता येत नाही. म्हणजे ठामपणे आकडे फेकणाऱ्या दोन्ही बाजू उघड्या पडतात.

आता तपासणी. इथे बहुतेकांची पद्धतच चुकते: ते संशयास्पद पान वरपासून खालपर्यंत वाचतात, ‘आमच्याविषयी’ बघतात, मांडणी व्यावसायिक आहे का ते बघतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्टचेकर यांना तीच पानं तपासायला दिली. फॅक्टचेकर क्षणभर पान बघून लगेच बाहेर पडायचे आणि दुसऱ्या टॅबमध्ये त्या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधायचे. ते कमी वेळात जास्त अचूक ठरले. तुम्हीही तेच करा. तीन गोष्टी शोधा: हे म्हणणारा कोण, मूळ माहिती कुठून आली, आणि विश्वासार्ह ठिकाणी त्याबद्दल काय लिहिलंय. पाच मिनिटांत काही हाती लागलं नाही तर कमेंट करू नका, किंवा ‘याचा मूळ स्रोत काय?’ एवढंच विचारा.

फोटो असेल तर गूगल लेन्स किंवा टिनआय या फोटोवरून शोध घेणाऱ्या साधनांवर टाका. टिनआयमध्ये निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात. जुना फोटो आजच्या दंगलीचा म्हणून फिरत असेल तर तिथे लगेच पकडला जातो. व्हिडिओ असेल तर त्यातल्या दोन-तीन स्पष्ट फ्रेमचे स्क्रीनशॉट घेऊन तेच करा, दुकानाची पाटी किंवा गाडीची नंबरप्लेट दिसेल अशा फ्रेम निवडा. व्हॉट्सअपवर दोन बाणांची खूण असलेला मेसेज निदान पाच हातांतून आलेला असतो, म्हणजे पाठवणाऱ्याला मूळ माहीत असण्याची शक्यता फारच कमी. त्याला जाब विचारू नका, मेसेजबद्दल बोला.

कमेंट कशी लिहायची ते एका नमुन्यावरून दाखवतो. ‘लसीमुळे ऑटिझम होतो’ अशी पोस्ट आहे असं धरा.

‘गोवराच्या एमएमआर लसीचा आणि ऑटिझमचा संबंध मोठ्या प्रमाणावर तपासून झालाय, तसा संबंध आढळलेला नाही. डेन्मार्कमध्ये १९९९ ते २०१० दरम्यान जन्मलेल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी पाहिल्या, लस घेतलेल्यांमध्ये ऑटिझम जास्त आढळला नाही. शंका पसरली ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या १९९८ च्या एका लेखामुळे. तो १२ मुलांवर आधारलेला होता आणि २०१० मध्ये लॅन्सेटनेच तो मागे घेतला. ऑटिझमची लक्षणं दिसू लागण्याचं वय आणि ही लस देण्याचं वय जवळपास एकच असतं, त्यामुळे आईवडिलांना संबंध वाटणं अगदी समजण्यासारखं आहे. पण लस न दिलेल्या मुलांमध्येही ऑटिझम तितकाच आढळतो.’

यात काय केलंय ते बघा. खरी गोष्ट पहिल्या ओळीत आणि शेवटच्या ओळीत आहे, कारण घाईत वाचणारा तेवढंच वाचतो. चुकीचा दावा ओघात एकदाच येतो, तो ठळक अक्षरात पुन्हा लिहिलेला नाही. शंका कुठून आली ते सांगितलंय. नुसतं ‘खोटं आहे’ म्हटलं की मनात जागा रिकामी राहते आणि जुनंच स्पष्टीकरण तिथे परत येऊन बसतं. आणि पोस्ट टाकणाऱ्याबद्दल एक अक्षर नाही. लिंक एकच द्या, फार तर दोन. नऊ लिंका दिल्या की कोणीच एकही उघडत नाही.

उपरोध टाळा. क्रूगर आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात ईमेल लिहिणाऱ्यांना खात्री होती की आपला उपरोध वाचणाऱ्याला कळेल. प्रत्यक्षात ओळखण्याचं प्रमाण निव्वळ अंदाजाने ठोकण्यापेक्षा फारसं वर गेलं नाही. संतापाचे शब्द टाळण्याचं कारण वेगळं आहे. ते चालतात, म्हणूनच घातक आहेत. ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ट्विटरवरच्या बंदूक नियंत्रण, समलिंगी विवाह आणि हवामानबदल या विषयांच्या पोस्ट तपासल्या. नैतिक संतापासारखी भावना दाखवणारा प्रत्येक शब्द वाढला की प्रसार साधारण २० टक्क्यांनी वाढत होता. पण तो प्रसार मुख्यतः आपल्याच बाजूच्या लोकांत होतो. टाळ्या आपलेच लोक वाजवतात आणि ज्यांच्यासाठी लिहिलं ते निघून जातात. लाइक मोजून कमेंट कशी झाली ते ठरवू नका.

किती वेळा उत्तर द्यायचं? माझा हिशोब जाहीर ठिकाणी दोन, फार तर तीन उत्तरांचा आहे. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर ‘चेंज माय व्ह्यू’ (माझं मत बदला) नावाचा विभाग आहे, तिथे लोक स्वतःचं मत मांडतात आणि ते बदललं तर तशी खूण देतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथली हजारो संभाषणं २०१६ मध्ये तपासली. थोडी देवाणघेवाण फायद्याची ठरते, पण चार-पाच फेऱ्यांनंतर मत बदलण्याची शक्यता जवळपास संपते. आणि हे मत बदलायला तयार होऊन आलेले लोक होते. तुमच्यासमोरचा तसा नसतो.

मध्येच रुळावरून खाली उतरवणारे डाव ओळखायला शिका. ‘तेव्हा कुठे होतात?’ हा सगळ्यांत जुना. त्याला एकच ओळ पुरे: ‘तेही चुकीचं असू शकतं, वेगळ्या पोस्टमध्ये बोलू, इथे मुद्दा हा आहे.’ त्या दुसऱ्या घटनेवर एक शब्द लिहिलात की मूळ मुद्दा मेला. दुसरा डाव म्हणजे एकाच कमेंटीत दहा दावे. आल्बेर्तो ब्रांदोलिनी या इटालियन प्रोग्रामरने २०१३ मध्ये म्हटलं होतं की फालतू दावा खोडायला तो करण्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त श्रम लागतात. दहांपैकी सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत सहज तपासता येणारा एक निवडा आणि तसं सांगून टाका. तिसरा डाव, पुरावा दिला की मागणी बदलणं. त्यावर उपाय आधीच करायचा असतो: ‘कुठला पुरावा दिला तर तुम्हाला पटेल?’ हे पुरावा देण्यापूर्वी विचारा. उत्तर टाळलं तर वाचणाऱ्यांनाही ते दिसतं.

थांबताना ‘मला जे सांगायचं होतं ते वर आहे, वाचणाऱ्यांनी दोन्ही बाजू तपासाव्यात’ एवढं लिहून धाग्याची नोटिफिकेशन बंद करा. नोटिफिकेशन चालू ठेवून थांबणं जवळपास कुणालाच जमत नाही. धमकी, पत्ता उघड करणं, एखाद्या समाजाविरुद्ध हिंसेची भाषा असेल तर वाद घालूच नका. पोस्टचा पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मग रिपोर्ट करा, मग ब्लॉक. क्रम महत्त्वाचा, कारण ब्लॉक केल्यावर पोस्ट दिसेनाशी होऊ शकते.

आता ज्याचं मत तुम्हाला खरोखर महत्त्वाचं वाटतं तो माणूस: भाऊ, मावशी, जुना मित्र. त्याच्या पोस्टखाली काही लिहू नका. फोन करा. श्रोडर, कार्डास आणि एप्ली यांनी २०१७ मध्ये दाखवलं की विरोधी राजकीय मत वाचण्याऐवजी त्याच माणसाच्या आवाजात ऐकलं, तर तो माणूस जास्त समजूतदार आणि विचारी वाटतो. शब्द तेच असतात, फरक आवाजाचा. ब्रूकमन आणि काला यांनी अमेरिकेतल्या मायामीत ट्रान्सजेंडर लोकांबद्दलच्या पूर्वग्रहावर दारोदारी जाऊन केलेल्या प्रयोगात सुमारे दहा मिनिटांच्या बोलण्याचा परिणाम तीन महिन्यांनीही टिकला होता. त्या बोलण्यात भाषण नव्हतं. समोरच्याला स्वतःला कधी वेगळं वागवलं गेलं का ते विचारलं, त्याने सांगितलं, आणि मग दोघं मूळ विषयाकडे आले.

फोनवर सुरुवात ‘तू ते काय टाकलंस?’ अशी करू नका. ‘त्यात तुला सगळ्यांत जास्त काळजी कशाची वाटते?’ असं विचारा आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. मग त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत परत सांगा आणि ‘बरोबर समजलं ना?’ विचारा. तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत स्वतःचा मुद्दा काढू नका. त्यानंतर ‘हे प्रत्यक्षात कसं चालेल, पायरीपायरीने सांग ना’ असं विचारता येतं. एखादं धोरण कसं काम करतं ते सविस्तर सांगायला लागल्यावर आपल्याला वाटत होतं तेवढं माहीत नाही, हे माणसाच्या लक्षात येतं. फर्नबाख आणि सहकाऱ्यांना २०१३ मध्ये त्यामुळे टोकाची मतंही मवाळ होताना दिसली होती, पण २०२१ मध्ये पुन्हा करून पाहिलेल्या प्रयोगांत ते मवाळ होणं आढळलं नाही. तेव्हा हा प्रश्न अस्त्र म्हणून वापरू नका, दोघांनाही विषय उलगडावा म्हणून वापरा. तुम्हालाही तो परत विचारला जाईल, उत्तर तयार ठेवा.

बोलताना मूल्यं त्याची घ्या. पर्यावरणाचा मुद्दा परंपरानिष्ठ लोकांपुढे शुद्धता आणि अस्वच्छतेच्या भाषेत मांडला तर तो त्यांना जास्त भिडतो, असं फाइनबर्ग आणि विलर यांना २०१३ मध्ये आढळलं. पण ज्या मूल्यावर तुमचा स्वतःचा काडीचाही विश्वास नाही ते उसनं घेऊ नका. जवळच्या माणसाला ते लगेच कळतं.

आणि त्याने ‘तुझं बरोबर असेल बहुतेक’ म्हटलं तर तिथेच थांबा. त्याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकू नका, त्याच्या जुन्या पोस्टखाली जाऊन आठवण करून देऊ नका. पोस्ट दुरुस्त करायची, काढायची की तशीच ठेवायची ते त्याला ठरवू द्या. त्याने ती गुपचूप काढली तर तुम्हीही त्याचा विषय काढू नका.