घरच्या घरी कडक मार्गारिटा कशी बनवावी? माझी नेहमी पाणचट होते.

एका ग्लासाला ६० मिली टकीला, २० मिली क्वांत्रो (संत्र्याच्या चवीचं गोड मद्य) आणि २० मिली ताज्या लिंबाचा रस घ्या. बाटलीवर ‘१०० टक्के अगावे’ (टकीला ज्या झाडापासून बनते ते) लिहिलेली ब्लँको, म्हणजे न मुरवलेली पांढरी टकीलाच घ्या. तसं लिहिलेलं नसेल तर ती बनवताना अगावेची साखर ५१ टक्के असली तरी नियमाला चालते, बाकीची दुसरीकडची. घशाला तो फरक लगेच कळतो.

पाणचट होण्याचं कारण बहुतेक वेळा बर्फ. ट्रेमधून काढून दहा मिनिटं वाटीत ठेवलेला बर्फ वरून ओला चकचकीत दिसतो, ते पाणी सरळ पेयात उतरतं. फ्रीझरमधून काढल्या काढल्या, बोटाला चिकटणारा, कोरडा बर्फ वापरा आणि शेकर काठोकाठ भरा. बर्फ कमी घातला तर तो लवकर वितळतो, म्हणजे उलट पाणी वाढतं. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची बरणी चालेल. १२ ते १५ सेकंद जोरात हलवा, बाहेरून दव धरलं की थांबा आणि गाळून ओता. ग्लास आधीच फ्रीझरमध्ये ठेवलेला हवा.

आपलं कागदी लिंबू इथे उत्तम, पण रस ऐनवेळी काढा आणि साल दाबून पिळू नका, कडवट होतं. फार आंबट लागलं तर ५ मिली साखरेचा पाक घाला. टकीला कमी करू नका. मीठ अर्ध्याच काठाला, तेही बाहेरच्या बाजूने.

यात ४० टक्क्यांची ८० मिली दारू आहे, म्हणजे अडीच स्मॉल पेगांहून जास्त. आंबटगोड चवीत ते जाणवत नाही, त्यामुळे दुसरा ग्लास सावकाश भरा आणि नंतर गाडी चालवू नका.