जेटेबलमधील ओळी टाइप करता करता कशा गाळाव्यात?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेसाठी मी जावा स्विंगमध्ये (खिडक्या, बटणे असलेले प्रोग्राम लिहिण्याच्या जावा भाषेच्या संचात) सभासद नोंदवहीचा छोटा प्रोग्राम लिहिला आहे. वरच्या टेक्स्ट फील्डमध्ये नाव किंवा गाव टाइप केले, की खालच्या जेटेबलमध्ये (स्विंगच्या तक्त्यात) तेवढेच सभासद दिसावेत, म्हणून मी न जुळणाऱ्या ओळी मॉडेलमधून (तक्त्यामागील माहितीच्या साठ्यातून) काढून टाकतो आणि फील्ड रिकामे झाले की डेटाबेसमधून सगळी यादी पुन्हा भरतो. त्यामुळे स्क्रीन अडखळते. ओळींचा क्रम लावणारा व त्या गाळणारा टेबलरोसॉर्टर वापरून पाहिला, तेव्हा ओळी नीट गाळल्या गेल्या. परंतु ओळीवर डबल क्लिक केल्यावर भलत्याच सभासदाचे खाते उघडले, शिवाय कोणी कंस टाइप केला की एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना येणारी चूक) येते. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मॉडेलमधील ओळी काढून टाकण्याची पद्धत प्रथम सोडून द्यावी. मॉडेल ही आपली मूळ नोंदवही आहे आणि जेटेबल हे तिचे केवळ दर्शन आहे. शोधासाठी फक्त दर्शन बदलायचे असते. टेबलरोसॉर्टर आणि रोफिल्टर हे दोन्ही क्लास २००६ मध्ये आलेल्या जावा ६ पासून याच कामासाठी उपलब्ध आहेत, तेव्हा आपला दुसरा प्रयत्न योग्य दिशेनेच होता.

भलते खाते उघडण्याचे कारण असे, की गेटसिलेक्टेडरो ही मेथड पडद्यावरील ओळीचा क्रमांक देते, मॉडेलमधील नव्हे. ओळी गाळल्यानंतर पडद्यावर तिसरी दिसणारी ओळ मॉडेलमध्ये चाळिसावी असू शकते. मिळालेला क्रमांक कन्व्हर्टरोइंडेक्सटूमॉडेल या मेथडला देऊन जो क्रमांक येईल, तोच मॉडेलसाठी वापरावा. एकही ओळ निवडलेली नसताना गेटसिलेक्टेडरो उणे एक देते आणि तो तसाच पुढे पाठवला तर एक्सेप्शन येते, म्हणून ती तपासणी आधी करावी. शीर्षकावर क्लिक करून केवळ क्रम बदलला, तरी हीच चूक घडते. ‘दुरुस्त करा’ किंवा ‘काढून टाका’ अशा बटणांमागील कोडही याच दृष्टीने पाहावा, कारण तेथे ती अधिक महागात पडेल.

कंसाचा प्रश्न रेजेक्सफिल्टरमुळे येतो. ही मेथड टाइप केलेला मजकूर साधा शब्द न मानता रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे खास चिन्हांनी लिहिलेला शोधाचा नमुना, मानते, त्यामुळे न मिटलेला कंस तिला वाक्यरचनेची चूक वाटते. एक्सेप्शन येते तेव्हा निदान चूक कळते, परंतु ‘सौ.’ असे टाइप केले, तर त्यातील टिंबाचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा घेतला जाऊन ‘सौरभ’सुद्धा यादीत येतो आणि कोणाला काही खटकत नाही. खास चिन्हांना साधी अक्षरे मानायला लावणाऱ्या, पॅटर्न क्लासच्या कोट मेथडमधून मजकूर नेला, तर दोन्ही अडचणी सुटतात. तथापि कार्यालयात वापरायच्या शोधपेटीसाठी मी रेग्युलर एक्स्प्रेशन वापरणारच नाही. रोफिल्टर क्लास विस्तारून त्याच्या इन्क्लूड मेथडमध्ये नाव आणि गाव हे रकाने गेटस्ट्रिंगव्हॅल्यूने घ्यावेत आणि त्यांत शोधलेला मजकूर आहे का, ते कंटेन्सने तपासावे. हा ॲबस्ट्रॅक्ट क्लास असल्यामुळे येथे लॅम्डा (मेथड थोडक्यात लिहिण्याची पद्धत) चालत नाही, अनामिक, म्हणजे नाव न देता जागीच लिहिलेला, क्लास लिहावा लागतो.

स्वतःचा फिल्टर लिहिण्याचे आणखी एक कारण मराठीचे आहे. ‘कऱ्हाड’मधील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: कोणी ऱ आणि हलन्त वापरतो, तर कोणाच्या कीबोर्डमधून र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (झीरो विड्थ जॉइनर) असा क्रम येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलनेत जुळत नाहीत, आणि युनिकोड मजकूर एकसारखा करणारा नॉर्मलायझर क्लासही हा भेद मिटवत नाही. म्हणून टाइप केलेला मजकूर व रकान्यातील मजकूर या दोहोंमधील दुसरा क्रम पहिल्यात बदलून घ्यावा आणि मगच तुलना करावी.

सभासद क्रमांकाचा शोध वेगळा ठेवणे बरे. ‘मजकुरात कोठेही’ या नियमाने १२ शोधल्यास ११२ आणि १२०५ हेही येतील. मजकूर केवळ आकड्यांचा असेल, तर पार्सइंट मेथडने त्याची संख्या करून समानता तपासावी. पार्सइंट देवनागरी आकडेही ओळखते, त्यामुळे त्यासाठी वेगळी सोय करावी लागत नाही.

फील्डमधील बदलाची दखल घेण्यासाठी कळा दाबल्याचे कळवणारा कीलिसनर वापरू नये, कारण माउसने चिकटवलेला मजकूर त्याला कळत नाही. फील्डच्या डॉक्युमेंटला (त्यातील मजकुराच्या साठ्याला) डॉक्युमेंटलिसनर जोडावा आणि त्याच्या इन्सर्टअपडेट व रिमूव्हअपडेट या दोन्ही मेथडमधून एकच गाळणी मेथड बोलवावी. तिसरी चेंज्डअपडेट साध्या टेक्स्ट फील्डसाठी रिकामी ठेवली तरी चालते. गाळणी मेथडमध्ये मजकूर रिकामा असल्यास सेटरोफिल्टरला नल (म्हणजे ‘फिल्टर नाही’) द्यावे, म्हणजे डेटाबेसकडे न जाता सगळे सभासद पुन्हा दिसतील.

प्रवेशाच्या तारखेनेही शोध हवा असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: रेंडरर (पडद्यावर मूल्य रेखाटणारा भाग) तारीख कशीही दाखवो, गेटस्ट्रिंगव्हॅल्यूने फिल्टरला एरवी मॉडेलमधील मूल्याचे टूस्ट्रिंग (जावाने ठरवलेले मजकुराचे) रूपच मिळते. पडद्यावर दिसते तसेच शोधता यावे, यासाठी तारखेचे तेच रूपांतर इन्क्लूडमध्येही करावे लागेल.