'माइंड' म्हणजे हरकत नव्हे, आठवण

तुमची पोस्ट वाचून नऊ वर्षांपूर्वीची मी डोळ्यांसमोर आले. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या तुमच्या घरमालकीणबाई "माइंड अँड पुट द बिन्स आउट" म्हणाल्या आणि तुम्हाला वाटलं, त्या चिडल्यात. नाही हो. "कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायला विसरू नका," एवढंच त्यांचं म्हणणं. स्कॉट्समध्ये, म्हणजे इंग्रजीच्या जवळच्या इथल्या भाषेत, 'माइंड' म्हणजे आठवणे, लक्षात असणे. 'आय कॅना माइंड' म्हणजे मला आठवत नाही. बाकी उच्चार वगैरे तुम्ही महिनाभरात शिकालच, त्यात शिरत नाही.

या शब्दानं माझं जे नुकसान केलं, ते सांगते. ग्लासगोतलं भाड्याचं घर सोडायचं होतं. भाड्याचं काम बघणाऱ्या कार्यालयात गेले आणि काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, "महिनाअखेरीला घर सोडतेय, पत्र नंतर आणून दिलं तर चालेल ना?" त्यांच्या हातात पेन होतं, समोर कोरा कागद होता. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आय'ल नो माइंड, हेन." मला ऐकू आलं, "माझी काही हरकत नाही." शिवाय 'हेन' म्हणजे इथं बायकांना प्रेमानं मारलेली हाक, त्यामुळे मी खुशीत बाहेर पडले. त्या म्हणत होत्या, "माझ्या लक्षात राहणार नाही."

पत्र दिलं 20 तारखेला. 1 डिसेंबर 2017 पासून सुरू झालेल्या खासगी भाडेकरारांत भाडेकरूनं, वेगळं काही ठरलं नसेल तर, 28 दिवसांची लेखी नोटीस द्यायची असते. दिवस पत्रापासून मोजले गेले आणि अडीच आठवडे मी दोन घरांचं भाडं भरलं. तक्रार केली तर उत्तर आलं, "आमच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं." सांगितलं होतं, खरं आहे. पण समोरची बाई परदेशी आहे, तिला कळलंय का, हे विचारायला किंवा त्या कोऱ्या कागदावर एक ओळ लिहून घ्यायला किती वेळ लागला असता? त्याचा राग मला आजही येतो.

(मी वकील नाही. तुमचा करार तुम्ही स्वतः वाचा. आणि माझा कान ग्लासगोचा आहे. ॲबर्डीनकडची किंवा शेटलंडची बोली वेगळी पडते.)

माझं मत विचाराल तर मराठी माणसाला हे क्रियापद अवघड जायला नको. आपण 'मुलाकडे लक्ष दे' म्हणतो आणि 'तो मुलगा लक्षात आहे का' असंही म्हणतो. लक्ष एकच, मागचापुढचा शब्द अर्थ फिरवतो. तसंच इथं. 'माइंड ऑन' किंवा 'माइंड ओ' आलं की आठवण. 'माइंड अँड' आणि पुढे क्रियापद आलं की 'विसरू नको'. 'माइंड द बेअर्न' म्हणजे पोराकडे बघ. 'माइंड मी टू युअर मिदर' म्हणजे आईला माझा नमस्कार सांग. हरकतीचा अर्थही इथं चालतोच, म्हणून पैशाची किंवा तारखेची गोष्ट असेल तर लाज न बाळगता "म्हणजे तुम्हाला आठवणार नाही, असंच ना?" असं विचारा आणि त्याच दिवशी लिहून द्या.

आणि कुणी "हे बिघडलेलं इंग्रजी" म्हणालं तर ऐकून घेऊ नका. आठवणीचा अर्थच जुना आहे; या शब्दाचं जुनं इंग्रजी रूप 'स्मरण' याच अर्थाचं होतं आणि त्याचं मूळ आपल्या 'मन' आणि 'मती' यांच्याच मुळाशी जातं. 2011 च्या जनगणनेत सुमारे 15 लाख लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असं नोंदवलं. 'डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज' इंटरनेटवर फुकट आहे. ऐकलेला शब्द तिथं शोधा. साध्या इंग्रजी कोशात शोधून माझ्यासारखी फसगत होते.

जाता जाता एक. घर सोडलं त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजींनी शॉर्टब्रेडचा डबा हातात दिला, म्हणाल्या, "जस्ट अ वी माइंडिन." म्हणजे आठवणीसाठी छोटीशी भेट. बिस्किटं आठवड्यात संपली, त्या डब्यात मी अजून मोहरी ठेवते.