वाचक विचारतात: हल्ली बघण्यासारखं काही उरलंय का?

प्रश्न: ताई, रोज रात्री आम्ही दोघं टीव्हीपुढे बसतो, अर्धा तास काय बघायचं ते शोधण्यातच जातो, मग काहीतरी लावायचं आणि वीस मिनिटांत बंद करायचं. गोष्ट दोन तासांची आणि सीरिज आठ भागांची, वर पात्रं मनातलं सगळं तोंडाने बोलून दाखवतात. हल्लीच्या लोकांना लिहिता येत नाही का हो?

उत्तर: येतं हो, चांगलं येतं, पण लिहितायत कोणासाठी ते बघा. परवा मी एक थ्रिलर बघत होते, नाव नाही सांगत. त्यात बाई म्हणते "मी दाराला कडी लावलीये", दोन मिनिटांनी नवरा येऊन विचारतो "कडी लावलीस ना?", ती म्हणते "हो, लावली". मी वैतागले, अरे आम्ही काय बहिरे आहोत का! मग मागे नेऊन बघितलं तर त्याआधी ती कडी लावते त्याचा एक मस्त शॉट होता, हात थरथरतोय, कडी दोनदा निसटते, एक शब्द नाही. आणि तो मी बघितलाच नव्हता, कारण तेव्हा मी मोबाइलवर कोणाला तरी अंगठा पाठवत होते.

तर आता हे सगळं माझ्यासारखीसाठी बनतंय, जी अर्धी टीव्हीत आणि अर्धी फोनमध्ये असते. मुद्दा तीनदा सांगितला नाही तर मला कळणार नाही असं धरूनच चाललेत, आणि वाईट म्हणजे त्यांचं बरोबर आहे.

त्यात हिशोब कसा होतो तेही बघा. २०२०च्या सुरुवातीला नेटफ्लिक्सने जाहीर केलं होतं की कोणी दोन मिनिटं जरी बघितलं तरी ते 'बघितलं' म्हणून धरणार, त्याआधी निदान ७० टक्के बघावं लागायचं. नंतर बदललं ते, आता एकूण बघितलेले तास भागिले लांबी असं काढतात. पण दोन मिनिटांत माणूस पकडायचा म्हटल्यावर काय होणार, पहिल्याच सीनला रक्तबंबाळ माणूस धावतोय आणि लगेच पाटी, 'तीन आठवडे आधी'. मला ती पाटी दिसली ना की हात आपोआप रिमोटकडे जातो.

आणि लेखकांचंच म्हणाल तर २०२३ साली हॉलिवुडचे लेखक १४८ दिवस संपावर होते, ते काही फक्त पैशासाठी नव्हते. पूर्वी अमेरिकन टीव्हीवर सीझन म्हणजे साधारण २२ भाग, एकीकडे शूटिंग चालू आणि एकीकडे लिखाण, त्यामुळे नवा लेखक सेटवर जायचा, आपलं वाक्य नटाच्या तोंडात बसत नाहीये हे स्वतःच्या कानांनी ऐकायचा आणि तिथल्या तिथे बदलायचा. आता आठ-दहा भाग, तीन-चार लेखक, थोडे आठवडे बसवून शूटिंगच्या आधीच सगळं लिहून घ्यायचं आणि त्यांना घरी पाठवायचं. मग शिकणार कुठून? नव्या करारात लेखकांची किमान संख्या ठरवून घेतली त्यांनी, पण त्याने लगेच काही फरक दिसेल असं मला तरी वाटत नाही.

प्रश्न: संवाद ऐकूच येत नाहीत. आवाज वाढवला की मारामारी सुरू होते आणि शेजारचे भिंत ठोकतात. माझे कान गेलेत का?

उत्तर: कान एकदा तपासून घ्या, पण तक्रार एकट्या तुमची नाहीये, तरणीताठी पोरंसुद्धा सबटायटल लावून बघतायत. सिनेमाचा आवाज मुळात थिएटरसाठी बांधलेला असतो, तिथे संवादाला मधला स्पीकर स्वतंत्र असतो. आपला टीव्ही इतका चपटा की स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसलेले, त्यात पाच-सहा स्पीकरांसाठी वेगवेगळा केलेला आवाज दोन स्पीकरांत कोंबला की संवाद आणि पार्श्वसंगीत एकमेकांच्या अंगावर. शिवाय आता प्रत्येक नटाच्या कपड्यात इवलासा माइक लपवलेला असतो, त्यामुळे पुटपुटलं तरी चालतं. पूर्वी वर टांगलेल्या माइकपर्यंत आवाज पोचवावा लागायचा, त्यात बरेचसे नट नाटकातून आलेले. आणि जो माणूस साउंड मिक्स करतो त्याने ते वाक्य शंभरदा ऐकलेलं असतं, त्याला ते नुसतं ओठ बघूनसुद्धा ऐकू येत असणार.

ऑडिओच्या ऑप्शनमध्ये ५.१ (म्हणजे तोच पाच-सहा स्पीकरांचा आवाज) ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरांचा) निवडून बघा, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'नाइट मोड' असं काही सापडलं तर ते चालू करा. बराच फरक पडतो.

प्रश्न: नवीन मोठा टीव्ही घेतला आणि त्यावर भारीतला भारी सिनेमा पण डेली सोपसारखा दिसतो. असं का?

उत्तर: टीव्हीची आगाऊगिरी, दुसरं काही नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा, टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतःच्या मनाने तयार करून घुसडतो आणि सगळं नको इतकं गुळगुळीत करतो. २०१८ मध्ये टॉम क्रूझने खास व्हिडिओ काढून लोकांना सांगितलं होतं की बाबांनो हे बंद करा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, पिक्चर सेटिंगमध्ये 'मोशन' शब्द दिसेल तिथे जा आणि ऑफ करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की झालं.

प्रश्न: माझा मुलगा म्हणतो, आई, तुमच्या काळातही भंगारच जास्त होतं, तू विसरलीस. त्याला काय सांगू?

उत्तर: त्याचं अर्धं बरोबर आहे, द्या सोडून. थिओडोर स्टर्जन नावाचे एक विज्ञानकथा लेखक म्हणायचे की कुठल्याही गोष्टीतलं नव्वद टक्के टाकाऊच असतं, आणि जुन्यातलं ते नव्वद टक्के आपण कधीच विसरलोय, राहिलेलं दहा टक्के घेऊन आजच्या सगळ्या ढिगाशी तुलना करतो. पण त्याला एवढं विचारा की तो स्वतः शेवटचा सिनेमा फोन हातात न घेता कधी बघितला होता. आमच्याकडे मागच्या रविवारी ठरवून दोघांचे फोन आतल्या खोलीत ठेवले आणि एक जुना, संथ सिनेमा लावला. मी पंचविसाव्या मिनिटाला 'पाणी पिऊन येते' म्हणून उठले आणि आतल्या खोलीत गेले तर नवरा आधीच तिथे फोन घेऊन उभा होता.